स्तनाचा कर्करोग आणि एडीसी: एका आकड्यावरून पुढचं किती सांगता येतं?

(मंचावरचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

नमस्कार मंडळी. स्तनाच्या कर्करोगात डिफ्यूजन एमआरआयवरून रोगाची पुढची वाटचाल सांगता येते का, यावरचे निबंध वाचताना एक विसंगती सुटत नाही. काही ठिकाणी एडीसी (पाणी ऊतीत किती मोकळं हलतं त्याचं या तपासणीतलं माप) कमी असलेली गाठ आक्रमक ठरते, तर काही ठिकाणी एडीसी जास्त असलेल्यांचाच रोग लवकर उलटतो. दोन्हीकडची आकडेमोड वरवर तरी नीट दिसते.

असाच एक अभ्यास आखायचा आहे. माझे प्रश्न:
१) दिशा अशी उलटसुलट का येते?
२) सरासरी, किमान की पूर्ण गाठीचा, नेमका कोणता एडीसी घ्यावा?
३) एडीसीची १.५३ ही सीमा धरून रुग्णांचे दोन गट केले आणि त्यांचे सर्व्हायव्हल कर्व्ह (काळानुसार किती रुग्ण हयात किंवा रोगमुक्त राहतात ते आलेख) काढले तर चालेल का?

कृष्णधवल

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण ती चूक फार जणांकडून होते. १.५३ हा आकडा अमेरिकेतल्या कर्करोग संशोधकांच्या गटाच्या, ईकॉग-अ‍ॅक्रिनच्या ए६७०२ या बहुकेंद्री अभ्यासातून आला. तिथला प्रश्न होता की एमआरआयवर संशयास्पद दिसलेल्या, पण मुळात निरुपद्रवी असलेल्या गाठींच्या बायोप्सी टाळता येतील का. त्या सीमेने संवेदनशीलता (खरे कर्करोग पकडण्याची क्षमता) न घटवता सुमारे २१ टक्के बायोप्सी टळल्या असत्या. म्हणजे ही सीमा 'कर्करोग आहे की नाही' यासाठी आहे. कर्करोग सिद्ध झालेल्या बहुतेक गाठी तिच्या खालीच असतात. तुमचा एक गट भला मोठा होईल आणि दुसऱ्यात म्युसिनस (श्लेष्मा असलेल्या), गाठीच्या पोटात नेक्रोसिस (मेलेली ऊती) असलेल्या आणि डीसीआयएसचा (दुग्धनलिकेच्या आतच राहिलेल्या कर्करोगाचा) मोठा भाग असलेल्या गाठींची सरमिसळ होईल. निदानाची सीमा भाकितासाठी वापरू नका.

युसोबी या स्तनाच्या इमेजिंगच्या युरोपीय संस्थेच्या डिफ्यूजन गटाने २०२० मध्ये एडीसीच्या पाच पायऱ्या सुचवल्या: ०.९ पर्यंत अतिशय कमी, ०.९ ते १.३ कमी, १.३ ते १.७ मध्यम, १.७ ते २.१ जास्त आणि त्यापुढे अतिशय जास्त. (एकक चौरस मिलिमीटर प्रति सेकंद, आकडा हजाराने गुणून लिहिलेला. १.१४ म्हणजे ०.००११४. धाग्यात सगळीकडे असंच लिहू.) या पायऱ्यासुद्धा वर्णनाची भाषा एकसारखी व्हावी म्हणून आहेत. 'अतिशय कमी' म्हणजे 'आयुष्य कमी' असा अर्थ त्यांत नाही.

पेशीवाचक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर दिसतं. एडीसी पेशी मोजत नाही. पाण्याच्या रेणूंना हलायला किती वाव आहे, तेवढंच तो सांगतो. तो वाव बऱ्याच कारणांनी बदलतो.

पेशी दाटीवाटीने असतील तर एडीसी खाली येतो, आणि 'कमी म्हणजे वाईट' ही समजूत इथूनच आली. पण भराभर वाढणाऱ्या ट्रिपल निगेटिव्ह (हॉर्मोनचे दोन आणि हर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या) गाठीत मधला भाग बरेचदा मरतो. तिथे पाणी मोकळं असतं, म्हणून पूर्ण गाठीची सरासरी वर जाते. ही गाठ आक्रमक असूनही एडीसी जास्त दाखवते. उलट हॉर्मोन रिसेप्टर असलेली, संथ वाढणारी, घट्ट तंतुमय गाठ एडीसी कमी दाखवू शकते. म्युसिनस प्रकारात पेशी श्लेष्माच्या तळ्यात तरंगतात, तिथला एडीसी निरुपद्रवी गाठीइतका वर असतो आणि रोगाची वाटचालही सहसा बरी असते.

म्हणजे एका अभ्यासात हॉर्मोनवाल्या गाठी जास्त असतील आणि दुसऱ्यात ट्रिपल निगेटिव्ह, तर दिशा उलटणारच. एडीसीच्या आडून उपप्रकारच बोलत असतो.

केआय-६७ शी (पेशी किती विभागताहेत त्याची खूण) एडीसीचं नातं उलट दिशेचं आहे, पण कमजोर. त्यात केआय-६७ ची मोजणीच मधल्या पट्ट्यात डळमळीत असते. ५ टक्के किंवा त्याखाली आणि ३० टक्के किंवा त्यावर असेल तरच त्यावर भिस्त ठेवता येते, असं या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय गटाचं म्हणणं आहे. दोन डळमळीत मापं एकमेकांसमोर ठेवली की आलेखावर ढगच दिसणार.

चुंबकसूची

वरचं सगळं खरं आहे, पण त्याआधी एक पायरी आहे. एडीसी मुळात बरोबर मोजला गेला का?

सूत्र सोपं आहे. कमी बी-व्हॅल्यूचा (चित्रावर डिफ्यूजनचा परिणाम किती तीव्र ठेवायचा तो आकडा) सिग्नल भागिले जास्त बी-व्हॅल्यूचा सिग्नल, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा आणि दोन बी-व्हॅल्यूंमधल्या फरकाने भागायचं. बी ५० ला सिग्नल ४००, बी ८०० ला १७०. भागाकार २.३५, त्याचा लॉग ०.८५६, भागिले ७५०. उत्तर १.१४.

आता हेच गणित कसं फसतं ते पाहा.

चरबी नीट दाबली गेली नाही तर: स्तनातली चरबी हा या तपासणीतला सगळ्यात मोठा शत्रू आहे, कारण चरबीचा एडीसी जवळजवळ शून्य असतो. समजा निरोगी ग्रंथीच्या ऊतीचा खरा एडीसी १.७ आहे. एका व्हॉक्सेलमध्ये (चित्राच्या सर्वांत लहान घन तुकड्यात) बी ५० चा सिग्नल २००, त्यातले ४० न दबलेल्या चरबीचे. बी ८०० ला ऊतीचे १६० उतरून साधारण ४५ होतात, चरबीचे ४० तसेच राहतात. एकूण ८५. गणित केलं की एडीसी १.१४. निरोगी ऊती थेट कर्करोगाच्या पट्ट्यात! म्हणून आधी शिमिंग (चुंबकक्षेत्र एकसारखं करणं) दोन्ही स्तनांवर नीट बसवा आणि स्पेअर पद्धतीने चरबी दाबा. स्टर ही चरबी दाबण्याची दुसरी पद्धत वापरत असाल तर कॉन्ट्रास्टनंतर (शिरेतून गॅडोलिनियमचं औषध दिल्यावर) अजिबात नको. गॅडोलिनियमने टी१ (सिग्नल सावरायला लागणारा वेळ) घटलेल्या गाठीचा सिग्नलही चरबीसोबत दाबला जाऊ शकतो.

नॉइज जास्त असेल तर: बी ८०० ला खरा सिग्नल ६० आणि नॉइज ४२ च्या आसपास असेल, तर मॅग्निट्यूड (फक्त सिग्नलची तीव्रता दाखवणाऱ्या) चित्रात तो ६० चा ७५ दिसतो. बी ५० ला खरे २०० असतील तर साधारण २०४ दिसतात. खरा एडीसी १.६१, मोजलेला १.३३. नॉइजमुळे एडीसी फक्त वरखाली हलत नाही, तो ठरावीक दिशेने खाली ओढला जातो. हे विशेषतः मोठ्या स्तनात कॉइलपासून लांबच्या भागात आणि छातीच्या भिंतीलगत होतं. उपाय म्हणजे टीई (सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) शक्य तितका कमी ठेवणं आणि बी ८०० चे अ‍ॅव्हरेज वाढवणं, म्हणजे ते चित्र जास्त वेळा घेऊन सरासरी काढणं. बी ५० चे वाढवून फारसं काही मिळत नाही.

बी-व्हॅल्यूंची निवड: शून्यापासून सुरुवात केली तर केशवाहिन्यांतल्या रक्ताचा वेगवान भागही मोजला जातो आणि एडीसी थोडा वर जातो. वरची बी-व्हॅल्यू १५०० नेली तर सिग्नल सरळ घातांकी राहत नाही आणि एडीसी खाली येतो. दोन केंद्रांच्या बी-व्हॅल्यू वेगळ्या असतील तर त्यांचे एडीसी एकाच तक्त्यात टाकू नका.

तळटीप

चुंबकसूची, आभार. चरबीचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. प्रोटोकॉल नव्याने बसवायचा असेल तर कमीत कमी काय हवं?

चुंबकसूची

रुग्ण पालथी, स्तनाची स्वतंत्र कॉइल, अ‍ॅक्सियल ईपीआय (झटपट चित्र घेण्याची पद्धत). प्रतलातलं रिझोल्यूशन २ बाय २ मिमी किंवा त्याहून बारीक, स्लाइस ४ मिमीपेक्षा जाड नको. टीआर (दोन सिग्नल-चक्रांमधला वेळ) ३००० मिलिसेकंद किंवा जास्त. बी शून्य किंवा ५०, आणि ८००. पॅरलल इमेजिंगचा (कॉइलच्या अनेक भागांनी एकाच वेळी सिग्नल वाचण्याचा) फॅक्टर २ च्या आसपास. त्याने विकृती कमी होते, पण फार वाढवला तर नॉइज वाढतो. फेज एन्कोडिंगची दिशा एकदा ठरवा आणि त्या रुग्णाच्या प्रत्येक भेटीत तीच ठेवा, कारण ईपीआयची ओढाताण त्याच दिशेने होते. डिफ्यूजन कॉन्ट्रास्टच्या आधी घ्या. नंतर घेतला तर एडीसी किंचित कमी येतो. आधी-नंतरची सरमिसळ एकाच रुग्णात झाली तर तुलना संपली.

यंत्राची तपासणी बर्फाच्या पाण्याच्या फँटमने (रुग्णाऐवजी स्कॅन करायच्या भांड्याने) करा. शून्य अंशाला पाण्याचा एडीसी १.१ असतो, कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही चुंबकावर. बर्फ आणि पाणी भरल्यावर तासभर तरी थांबा, तापमान स्थिरावू द्या. २० अंशाला हाच आकडा २.० च्या थोडा वर असतो, म्हणजे तापमानाचा परिणाम किती मोठा आहे ते कळेल. फँटम मध्यभागी ठेवून बरोबर आकडा आला म्हणून थांबू नका. तो स्तनाच्या जागी, डावीकडे आणि उजवीकडे सरकवून पुन्हा मोजा. ग्रेडियंट (यंत्राची बदलती चुंबकक्षेत्रं) मध्यापासून लांब सरळ रेषेत वागत नाहीत, त्यामुळे तिथे ठरावीक चूक येते. डाव्या आणि उजव्या स्तनाचे आकडे या एकाच कारणाने वेगळे दिसू शकतात.

आणि सॉफ्टवेअर अपग्रेड! उपचार चालू असलेल्या रुग्णांच्या मध्येच अपग्रेड झालं तर फँटम पुन्हा. एडीसी मॅपचा स्केल प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. मॅपवर १०५० वाचलं तर तो १.०५ आहे की स्लोपने गुणायचाय, हे डायकॉम हेडरमध्ये (चित्रासोबत साठवलेल्या माहितीत) बघा. फँटमशिवाय ही चूक सापडतच नाही.

कृष्णधवल

दुसरा प्रश्न, आरओआय, म्हणजे एडीसी मोजायला चित्रावर आखलेली जागा. माझा क्रम असा.

आधी कॉन्ट्रास्टची सबट्रॅक्शन चित्रं (कॉन्ट्रास्टआधीचं चित्र वजा केलेली) बघून गाठ पक्की करायची. मग बी ८०० वर तीच जागा उजळ आहे का ते पाहायचं. मग एडीसी मॅपवर तिथलाच गडद भाग. तिन्ही चित्रं शेजारी उघडी हवीत. फक्त बी ८०० वर विसंबलं तर टी२ चमक (पाणी अडलेलं नसतानाही येणारा उजळपणा) फसवते. बी ८०० वर उजळ आणि एडीसी मॅपवरही उजळ असेल, तर ते डिफ्यूजन अडल्याचं लक्षण नाही.

टाळायच्या जागा म्हणजे नेक्रोसिस, सिस्ट, कडेची चरबी, क्लिपची (बायोप्सीच्या जागी ठेवलेल्या धातूच्या खुणेची) काळी पोकळी आणि बायोप्सीचं रक्त. रक्तासाठी कॉन्ट्रास्टआधीचं टी१ बघायचंच. तिथे उजळ दिसणारा भाग एडीसी मॅपवर गडद असू शकतो आणि अगदी गाठीसारखा भासतो. सगळ्यात गडद जागा शोधत गेलेला माणूस नेमका हेमॅटोमावर आरओआय ठेवतो.

युसोबीचा सल्ला गाठीतल्या सर्वांत कमी एडीसीच्या जागी लहान आरओआय ठेवण्याचा आहे. निदानासाठी तो ठीक. भाकिताच्या अभ्यासात मी दोन आकडे नोंदवायला सांगेन: हा लहान आरओआय आणि पूर्ण गाठीच्या आरओआयची सरासरी. एका पिक्सेलचा किमान आकडा घेऊ नका, तो बहुतेक वेळा नॉइजच असतो. पूर्ण गाठीच्या हिस्टोग्रामचा १० वा पर्सेंटाइल (ज्याखाली गाठीतले १० टक्के आकडे येतात) त्याहून भरवशाचा. गाठ एक सेंटिमीटरहून लहान असेल तर ४ मिमीच्या स्लाइसमध्ये शेजारची ऊती मिसळतेच, अशा गाठींची वेगळी नोंद ठेवा.

गाठीतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी एडीसी यांतला फरकही नोंदवण्यासारखा आहे. तो गाठीच्या आतली विषमता सांगतो, आणि पेशीवाचक यांनी सांगितलेली नेक्रोसिसची अडचण इथे उपयोगी पडते. हा फरक नेक्रोसिस न वगळता काढला तर सरासरीत दडलेली मेलेली जागा त्यात उघडी पडते. तसंच गाठीच्या भोवतालच्या ऊतीचा एडीसी भागिले गाठीचा एडीसी. भोवती सूज असेल तर हे गुणोत्तर वाढतं, आणि लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्या असण्याशी त्याचं नातं दिसतं. मात्र भोवतालचा आरओआय चरबीत गेला की सगळं फुकट, म्हणून तो ग्रंथीच्या ऊतीतच काढायचा.

उपचारदिशा

एक वेगळा मुद्दा मांडते. उपचार ठरवणाऱ्याच्या दृष्टीने सुरुवातीचा एकटा एडीसी फारसा कामाचा नाही. ग्रेड, ईआर, पीआर (हे दोन हॉर्मोन रिसेप्टर), हर-२, गाठीचा आकार आणि काखेतल्या गाठी कळल्यानंतर त्यात भर किती पडते, हा खरा प्रश्न आहे. २०१८ पासून लागू झालेल्या एजेसीसीच्या (कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) आठव्या आवृत्तीत प्रोग्नॉस्टिक स्टेजमध्ये ग्रेड आणि रिसेप्टर आले. एडीसी त्यात नाही.

उपयोग दिसतो तो बदलात, म्हणजे शस्त्रक्रियेआधी केमो चालू असताना एडीसी किती वाढला यात. पेशी मरू लागल्या, पडदे फुटले की पाणी मोकळं होतं. गाठ आक्रसण्याआधीच हे घडू शकतं, म्हणून आशा मोठी होती.

अ‍ॅक्रिन ६६९८ हा आय-स्पाय २ या केमोच्या चाचणीतला बहुकेंद्री अभ्यास यासाठीच झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २४२ रुग्णांचं विश्लेषण, बी-व्हॅल्यू ०, १००, ६०० आणि ८००. बारा आठवड्यांनंतरच्या बदलाने पूर्ण पॅथॉलॉजिकल प्रतिसादाचा (शस्त्रक्रियेनंतर कर्कपेशी न सापडण्याचा) अंदाज येत होता, पण एयूसी (०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक) फक्त ०.६०. हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गटात मात्र तो ०.७६ होता. तीन आठवड्यांच्या आकड्यावर लवकर निर्णय घेता येईल, ही अपेक्षा एकूण गटात पुरी झाली नाही.

०.६० हा आकडा वाचून निराश होऊ नये, पण कुणाची केमो त्यावर बदलूही नये.

तळटीप

ताई, मग एखाद्या रुग्णात ०.९५ वरून तीन आठवड्यांनी १.०४ झाला, तर तो बदल धरायचा का?

चुंबकसूची

याचं उत्तर त्याच अभ्यासात आहे. काही रुग्णांना टेबलवरून उतरवून, पुन्हा झोपवून, लगेच दुसऱ्यांदा मोजलं गेलं. त्यातून एकाच व्यक्तीतला फरक ४.८ टक्के निघाला. त्याला २.७७ ने गुणा: साधारण १३ टक्के. त्यापेक्षा कमी बदल एका रुग्णात 'झाला' असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही.

०.९५ वरून १.०४ म्हणजे साडेनऊ टक्के. धरायचा नाही. १.३५ झाला तर ४२ टक्के, तो खरा बदल. आणि हे ४.८ टक्के प्रशिक्षित केंद्रांत, ठरलेल्या प्रोटोकॉलवर, चित्रांचा दर्जा तपासून आलेले आहेत. तुमच्या केंद्राचा आकडा स्वतः मोजा: पंधरा-वीस जणींचं परवानगीने दुबार स्कॅन, प्रत्येक जोडीतला फरक, त्यावरून तुमची टक्केवारी. हे केल्याशिवाय 'बदल' हा शब्द वापरायचा हक्क मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेशीवाचक

वाढ नेहमी चांगलीच असते असंही नाही. केमोनंतर गाठीच्या जागी दाट तंतू तयार झाले तर एडीसी खाली राहतो आणि काचपट्टीवर एकही जिवंत कर्कपेशी नसते. उलट, सूज आल्याने एडीसी चढतो आणि आत विखुरलेली बेटं जिवंत असतात. म्हणून अंतिम शब्द शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीचा, आणि शक्य असेल तर फक्त 'पूर्ण प्रतिसाद, हो किंवा नाही' असं न लिहिता आरसीबी स्कोअर (किती रोग उरला त्याचं माप) काढा. एडीसीची तुलना त्याच्याशी केली तर जास्त कळतं.

आकडेमोड

सर्व्हायव्हलचा विषय निघालाय म्हणून लिहितो. तळटीप, तुमच्या आराखड्यात मला चार जागी खड्डे दिसतात.

पहिला, सीमा. आपल्याच डेटात सर्वांत लहान पी-व्हॅल्यू देणारी सीमा शोधायची आणि त्याच डेटात तिची पी-व्हॅल्यू छापायची, हे परीक्षेचा पेपर आधी बघण्यासारखं आहे. वीस सीमा तपासल्या की योगायोगानेही एखादी 'सिद्ध' होते. एडीसी सलग आकडा म्हणूनच कॉक्स मॉडेलमध्ये (घटना कधी घडते याच्या गणिती मॉडेलमध्ये) घाला. नातं सरळ नसेल, आणि पेशीवाचक यांचं ऐकल्यावर ते सरळ नसावं असंच वाटतं, तर स्प्लाइन (वळत जाणारी रेषा) वापरा.

दुसरा, घटना (रोग उलटणं किंवा मृत्यू) मोजा, रुग्ण नव्हे. पाच घटक मॉडेलमध्ये हवेत तर ढोबळ हिशेबाने ५० घटना लागतात. २०० रुग्णांत तीन वर्षांत २० जणींचा रोग उलटला असेल तर तुमच्याकडे दोन घटकांपुरता डेटा आहे. शिवाय ट्रिपल निगेटिव्ह रोग उलटला तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. हॉर्मोन पॉझिटिव्ह रोग पाच वर्षांनंतरही, पुढे कित्येक वर्षं उलटत राहतो. तीन वर्षांच्या पाठपुराव्यात तुम्ही जवळजवळ फक्त एका उपप्रकाराचं भवितव्य पाहता. एडीसी जास्त म्हणजे वाईट, असा निष्कर्ष निघण्याचं हेही एक कारण.

तिसरा, घड्याळ. बारा आठवड्यांचा बदल हा घटक असेल तर सर्व्हायव्हलचं मोजमाप बारा आठवड्यांपासून सुरू करा, निदानाच्या तारखेपासून नव्हे. नाहीतर त्या बारा आठवड्यांत घटना होणं शक्यच नव्हतं अशा रुग्णा तुम्ही आपोआप निवडता.

चौथा सर्वांत अवघड आहे: बारा आठवड्यांनी गाठच दिसली नाही तर एडीसी काय लिहिणार? रिकामं सोडलं आणि सॉफ्टवेअरने ती ओळ गाळली, तर सर्वांत चांगला प्रतिसाद दिलेल्या रुग्णाच बाहेर पडतात. उरलेल्यांत एडीसीचा परिणाम फिका दिसतो. 'गाठ दिसत नाही' हा स्वतंत्र वर्ग आधीच ठरवून ठेवा.

भर किती पडली हे दाखवायला आधी एडीसीशिवायचं मॉडेल, मग एडीसीसह, दोन्हींची तुलना करणारी लाइकलिहुड रेशो टेस्ट आणि सी-इंडेक्सचा (भाकीत किती जुळतं त्या मापाचा) फरक. एकट्या एडीसीचा हॅझर्ड रेशो (धोका किती पट बदलतो ते) कितीही सुंदर असला तरी हा प्रश्न त्याने सुटत नाही. लिखाण रिमार्क मार्गदर्शिकेनुसार करा, ती २००५ पासून अशाच मार्करसाठी आहे.

कृष्णधवल

आकडेमोड यांच्या चौथ्या मुद्द्याला रेडिओलॉजीची बाजू. 'दिसत नाही' लिहिण्याआधी क्लिपची काळी पोकळी तपासा. ईपीआयवर ती खऱ्या क्लिपपेक्षा बरीच मोठी दिसते आणि उरलेली पाच-सात मिलिमीटरची गाठ पूर्ण झाकू शकते. तेव्हा नोंद 'दिसत नाही' नव्हे, 'मोजता येत नाही' अशी हवी. हे दोन वेगळे वर्ग आहेत. सेगमेंटेड रीडआउटचा (तुकड्यातुकड्याने सिग्नल वाचणारा) ईपीआय उपलब्ध असेल तर विकृती आणि ही पोकळी दोन्ही कमी होतात, वेळ थोडा जास्त लागतो.

उपचारदिशा

ट्यूमर बोर्डासमोर येणाऱ्या रिपोर्टमध्ये नुसतं 'एडीसी ०.८८, आक्रमक गाठ' असं असेल तर त्याचा उपयोग करता येत नाही. काय लिहिलेलं हवं?

कृष्णधवल

असं: 'उजव्या स्तनातील गाठ, पूर्ण गाठीचा सरासरी एडीसी १.०२, लहान आरओआय ०.८८, बी ५० व ८००, कॉन्ट्रास्टआधी, नेक्रोसिस व क्लिप वगळून. मागील स्कॅन त्याच यंत्रावर व त्याच प्रोटोकॉलवर, तेव्हाचा सरासरी एडीसी ०.९६. बदल ६ टक्के, मोजमापाच्या मर्यादेत. चरबी दाबणे समाधानकारक.' 'आक्रमक' हा शब्द रिपोर्टमध्ये एडीसीच्या आधाराने लिहू नये.

तळटीप

सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेला आराखडा असा: १.५३ काढून टाकलं, एडीसी सलग आकडा म्हणून. उपप्रकारानुसार गट आधीच वेगळे. पूर्ण गाठीची सरासरी, १० वा पर्सेंटाइल आणि कमाल-किमान फरक, दोन वाचकांकडून, एकमेकांचे आकडे न बघता. घड्याळ बारा आठवड्यांपासून. एक शंका उरते. दोन वाचकांत फरक आला तर सरासरी घ्यायची की तिसऱ्याला विचारायचं?

आकडेमोड

आधी आयसीसी (दोन वाचकांचे आकडे किती जुळतात त्याचं माप) आणि ब्लँड-ऑल्टमन आलेख (त्यांच्यातले फरक दाखवणारा) काढा. फरक छोटा आणि दोन्हीकडे सारखा पसरलेला असेल तर सरासरी. काही मोजक्याच गाठींत मोठा फरक असेल तर त्या गाठी दोघांनी एकत्र उघडून बघाव्यात. बहुतेक वेळा दोघांनी वेगवेगळ्या जागी आरओआय काढलेला असतो, आणि तिथे सरासरी घेतली तर ती कुठल्याच ऊतीची नसते.

कृष्णधवल

आणि त्या गाठींच्या आरओआयची चित्रं जपून ठेवा, नुसते आकडे नकोत. पाच वर्षांनी पाठपुरावा पुरा होईल तेव्हा कुठे मोजलं होतं हे पाहायला तीच लागतील.